सात भाग, सात बहिणी

हॅरी पॉटरचा सातवा आणि शेवटचा भाग इंग्रजीत बाजारात आला तो २१ जुलै २००७ रोजी. गोव्यातल्या कारापूरची जी मुलगी सध्या त्या भागावरून घरच्यांचं डोकं खाते आहे, तिचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. आता ती बारावीत आहे. मराठी अनुवादाचे सगळे भाग तिने ओळीने वाचून काढले आणि शेवटचं पान उलटल्यापासून तिचं कशातच लक्ष नाही. आईला वाटतं, परीक्षेचं टेन्शन. धाकट्या भावाला वाटतं, हिच्या सोबतीची माणसं एकदम गाव सोडून गेली. भावाचं निदान अधिक बरोबर आहे.

मराठीत ही मालिका आणली भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाउसने. पहिला भाग, ‘हॅरी पॉटर आणि परीस’, बाळ ऊर्ध्वरेषे यांनी अनुवादित केला. नंतरच्या भागांवर मंजुषा आमडेकर यांचं नाव आहे. पहिला भाग सतरा प्रकरणांचा, हाताला हलका. पाचवा अडतीस प्रकरणांचा, आडवं पडून वाचायचा तर मनगट भरून येतं. तिला वाचनालयातून मिळालेल्या पाचव्या भागाची शिवण सुटलेली होती, कडेला खाकी पट्टी चिकटवलेली होती आणि मधल्या एका पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: ‘सिरियस मरतो.’ त्या अनोळखी वाचकाला तिने अजून माफ केलेलं नाही.

तिला खरा हेवा वाटतो तो जुन्या वाचकांचा. चौथा भाग जुलै २००० मध्ये आला आणि पाचवा जून २००३ मध्ये. मधली जवळजवळ तीन वर्षं जगभरची मुलं तर्क लढवत बसली होती: स्नेप कुणाच्या बाजूचा, पुढे कोण मरणार, हॅरी वाचणार का. हिला फार तर दुसऱ्या कुणी नेलेली प्रत परत येईपर्यंत थांबावं लागलं. शिवाय कोण जगतं, कोण मरतं हे रील्सनी आधीच सांगून टाकलेलं. शेवट दुःखाचा आहे म्हणून ती खट्टू नाही. वाद घालायला आता काही शिल्लक राहिलं नाही, हे तिला खुपतं.

अर्थात वाद घालायचाच म्हटला तर उपसंहार आहे. व्होल्डेमॉर्ट मरतो, युद्ध संपतं आणि लेखिका एकोणीस वर्षं ओलांडून थेट रेल्वेच्या फलाटावर येते. हॅरी, रॉन, हर्मायनी यांचे संसार थाटलेले, मुलं शाळेला निघालेली. पण फ्रेड मेल्यावर त्याच्या जुळ्या भावाने, जॉर्जने, दोघांचं ते विनोदी वस्तूंचं दुकान पहिल्या दिवशी एकट्याने कसं उघडलं असेल? ल्युपिन आणि टॉन्क्स गेल्यावर त्यांच्या तान्ह्या मुलाचं काय झालं, याची बोळवण इतक्या थोडक्यात का? रोलिंग यांनी या शेवटाचा मसुदा मालिका पुरी होण्याच्या कितीतरी आधी लिहून ठेवला होता, हे कळल्यावर तर ती आणखीच तडकली. “म्हणजे मधे कोणी जगो, कोणी मरो, शेवट आपला तयारच!”

मैत्रिणीचं म्हणणं उलट. इतकी माणसं मारल्यावर वाचकाला एक बरं पान द्यायला नको? आणि शेवट नकोच असेल तर जॉर्ज मार्टिन आहेतच. त्यांच्या मालिकेचा पाचवा भाग २०११ मध्ये आला, सहाव्याची वाट लोक अजून पाहताहेत. तसं चालेल का तुला? यावर ती गप्प बसली.

हा वाद आजीच्या कानावर गेला. “संपली म्हणजे काय गो बाय?” आजी म्हणाली. “पुढच्या वर्षी परत सांगायची.”

आजीचा हा हिशेब कारापूरच्याच डिचोली तालुक्यात रुजलेला आहे. शिरगावच्या लईराई देवीची जत्रा दर वैशाख शुद्ध पंचमीला भरते. व्रतस्थ धोंड हातात वेताची काठी आणि गळ्यात मोगरीच्या माळा घेऊन निखाऱ्यांवरून चालतात. यामागची कथा सात बहिणी आणि एका भावाची. आजी सांगते त्याप्रमाणे, सगळी भावंडं मये गावात उतरली आणि भावाला, खेतोबाला, विस्तव आणायला पाठवलं. तो मुलांबरोबर खेळात रमला. लईराईने रागाने त्याला लाथ मारली आणि मग पश्चात्तापाने अग्निदिव्य पत्करलं. केळबाई मुळगावात राहिली, महामाया मयेला, मोरजाई पेडण्यात मोरजीला. अंजदीपेचं नाव अंजदीव बेटाशी जोडतात. मीराबाई म्हापशाची मिलाग्रिस सायबीण झाली. तिच्या फेस्ताला हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही तेल घेऊन रांगेत असतात. या कथेचे पाठ गावागणिक बदलतात. आजीचाही दर वर्षी थोडा बदलतो.

खलनायकांचंही तेच. व्होल्डेमॉर्ट एकदाच आणि कायमचा मरतो. गोव्यातला नरकासुर दर दिवाळीला पहाटे जळतो आणि पुढच्या वर्षी वाड्यावरची पोरं त्याला आणखी दोन हात उंच करून उभा करतात. कारापुरातच विठ्ठलापूरला वाळवंटीच्या पात्रात त्रिपुरारी पौर्णिमेला सजवलेल्या नौका सोडतात, त्याही त्रिपुरासुराच्या वधाची आठवण म्हणून.

आजीच्या पिढीला छापील मालिका मिळाली तीही अशीच न संपणारी. मराठी ‘चांदोबा’ १९५२ मध्ये सुरू झाला. त्यात विक्रम-वेताळाच्या गोष्टी येत. मूळ वेताळकथा पंचवीस. विक्रमाला उत्तर देता येत नाही तिथे त्या थांबतात. मासिकाने मात्र नव्या कथा रचत वेताळाला कित्येक दशकं पुन्हा पुन्हा झाडावर लटकवलं. तो वेताळ आजीला कधी परका वाटला नाही. याच तालुक्यात आमोण्याला त्याचं देऊळ आहे, देव म्हणून.

आता मुलीच्या रसायनशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानांवर सात भागांची यादी तयार होते आहे, एकेका बहिणीला एकेक भाग. अशा पुस्तकांत सुरुवातीला नकाशा लागतो, असं भावाने सुचवलं. तिने शिरगाव, मुळगाव, मये, म्हापसा, मोरजी अशी गावं रेघेने जोडून दिली. भावाच्या मते हा कदंबाच्या बसचा रूट झाला. पहिलाच प्रश्न अडला तो सुरुवातीचा. मैत्रिणीला लईराईपासून सुरुवात हवी. हिचा हट्ट खेतोबाचा: सगळं ज्याच्यामुळे घडलं, त्याला खेळताना कुठला एवढा डाव पडला होता, हे आजपर्यंत कुणीच सांगितलेलं नाही. मीराबाईच्या भागासाठी म्हापशातल्या कुणा म्हाताऱ्या बाईशी बोलावं लागेल, एवढं दोघींनाही मान्य आहे. आईने परवानगी दिली आहे, पण परीक्षा संपल्यावर.