संमतीची सही

वर्ध्याहून सेवाग्रामास जाणारा रस्ता आज मोटारीने पंधरा-वीस मिनिटांत संपतो. १९३६ साली गांधीजी तेथे, म्हणजे तेव्हाच्या शेगावात, राहावयास गेले. त्यानंतर महादेवभाई देसाई वर्ध्याच्या मगनवाडीतून हा रस्ता पायी तुडवीत. जाऊन येऊन दहा-अकरा मैल, आणि तेही वैशाखातल्या उन्हात! ही पायपीट म्हणजे काम नव्हे. काम रस्त्याच्या दोन्ही टोकांस वाट पाहत असे. टपाल, 'हरिजन'चे लेख, भेटीस येणाऱ्यांची रीघ. १९१७ पासून पंचवीस वर्षे हे चालले. १९३८ साली रक्तदाबाने प्रकृती ढासळली. थोडी विश्रांती झाली आणि जू पुन्हा मानेवर आले. १५ ऑगस्ट १९४२ रोजी, अटकेनंतर सहाच दिवसांनी, पुण्याच्या आगाखान महालात त्यांचे हृदय थांबले. वय अवघे पन्नास.

त्या त्यागापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु त्यागाची ही भाषा आता भलत्याच मुखांतून ऐकू येऊ लागली आहे. तरुणांनी आठवड्याला सत्तर तास राबावे, असे श्री. नारायण मूर्ती यांनी २०२३ साली सांगितले. रविवारीही काम करवून घेता येत नाही याची खंत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी व्यक्त केल्याचे २०२५ च्या जानेवारीत जगजाहीर झाले. त्यांचा आकडा नव्वदाचा! त्याच वर्षी सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा नवावरून बारा तासांवर आणि तिमाहीतील जादा कामाची ११५ वरून १४४ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती असल्यावाचून जादा काम घेतले जाणार नाही, अशी हमीही त्यासोबत होती.

आमचा आक्षेप या हमीवरच आहे. महादेवभाईंपुढे असा कागद ठेवला असता, तर त्यांनी हसतमुखाने सही केली असती! आर्वी-हिंगणघाटकडच्या कोरडवाहू कापसाच्या घरातून पुण्याच्या हिंजवडीस वा चाकणला गेलेला मुलगाही सही करील. त्याच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज आहे, बहिणीचे लग्न आहे, आणि पुढे जाण्याची ईर्षाही आहे. त्या ईर्षेस नावे ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही. पण ज्याला नाही म्हणणे परवडत नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणावे काय? आणि शरीर तर कोणतीच संमती वाचीत नाही. आठवड्यास ५५ वा अधिक तास राबणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी व हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्क्यांनी अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना यांनी २०२१ साली दाखवून दिले आहे.

याच जिल्ह्यात दुसरेही उदाहरण आहे. १९३८ सालीच विनोबांचे वजन ८८ पौंडांवर आले होते. गांधीजींनी विश्रांतीचा आग्रह धरला. थंड हवेच्या ठिकाणांची नावे निघाली. विनोबांनी धाम नदीकाठचे पवनार निवडले. पूल ओलांडतानाच त्यांनी कामाचे सर्व विचार सोडून दिले. रोज थोडे खणावे, बाकी स्वस्थ राहावे! काही महिन्यांत वजन १२८ पौंड झाले. विनोबांसारखा मनोनिग्रही पुरुषही आपण होऊन थांबला नव्हता; थांब म्हणणारा माणूस त्यांना वडीलकीच्या जागी लाभला होता. हिंजवडीतल्या मुलाला त्या जागी वरिष्ठ आहे, आणि तो घड्याळ पाहतो ते दुसऱ्याच कारणासाठी. म्हणूनच ते काम कायद्याने करावयाचे असते. १९४८ चा कारखाने अधिनियम याचसाठी झाला.

जिल्ह्यातील चारही आमदारांस आमची विनंती आहे. त्यांनी विधानसभेत विचारावे, की जादा कामाच्या कागदावर आजवर किती कामगारांनी सह्या केल्या, किती जणांनी नकार दिला, आणि नकार देणाऱ्यांपैकी किती जण आज त्याच नोकरीत आहेत.