‘नातवाचं का हो?’

टीपॉयवरचं पुस्तक उचलून, दोन पानं चाळून सरांनी विचारलं. ‘नाही, माझं,’ म्हटल्यावर त्यांनी ते जपून जागेवर ठेवलं. दुसऱ्याच्या घरात औषधाची बाटली चुकून हाती लागावी, तसं. सर म्हणजे आमच्या कॉलनीतले निवृत्त चित्रकलाशिक्षक. चहा येईपर्यंत त्यांनी मला समजावलं, की छापील रेषांमध्ये रंग भरणं ही कला नव्हे, लहान मुलांच्या हातीसुद्धा असली पुस्तकं देऊ नयेत, आणि मोठ्या माणसाला हौसच असेल तर त्यानं सरळ कोरा कागद घ्यावा. ‘दुसऱ्यानं केलेल्या भाजीवर तुम्ही नुसती कोथिंबीर भुरभुरताय,’ हा शेवटचा टोला. मी गप्प बसलो. उत्तरं मला नेहमी पाहुणे गेल्यावर सुचतात, म्हणून ती इथे लिहितो आहे.

सरांची बाजू पोकळ नाही, हे आधी कबूल करतो. ऑस्ट्रियातून अमेरिकेत गेलेले कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ या ग्रंथात रंगवायच्या पुस्तकांवर कडक टीका केली. मूल आपल्या मनातला कुत्रा बेधडक काढत असतं. पुढ्यात सुबक छापील कुत्रा आला, की आपला कुत्रा त्याला कुत्राच वाटेनासा होतो आणि हात आखडतो. कलाशिक्षकांच्या पिढ्याच्या पिढ्या हे शिकल्या. मुलांपुरतं ते मलाही पटतं.

पण मी ५८ वर्षांचा आहे. माझा बेधडक कुत्रा एलिमेंटरीच्या परीक्षेतच गेला. वस्तुचित्रात तांब्या होता. त्याच्या तोंडाचा लंबगोल मी इतक्यांदा खोडला, की कागदाला भोक पडलं. त्यानंतर मी बँकेतल्या सहीखेरीज काही रेखाटलेलं नाही. लोवेनफेल्डना मुलाजवळचं जे जपायचं होतं, ते माझ्याजवळ शिल्लकच नाही. मग हे पुस्तक माझं हिरावून काय घेणार?

शिवाय दुसऱ्यानं आखलेल्या चौकटीत भरण्याला एवढं नाक मुरडायचं, तर सगळीकडे मुरडावं. सर स्वतः रोज सकाळी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवतात. चौकटी दुसऱ्याच्या, शोधसूत्रं दुसऱ्याची, उत्तरंही दुसऱ्यानंच ठरवलेली. ‘सर, स्वतःचं कोडं का नाही रचत?’ असं त्यांना आजवर कोणी विचारलेलं नाही. दिवाळीत वहिनी त्यांच्याच दारात १५ ते ८ ठिपक्यांची रांगोळी काढतात, ती पुस्तकातून. ठिपके पुस्तकातले, ते कसे जोडायचे तेही पुस्तकातलं. वहिनींचे असतात ते रंग. गेल्या वर्षी जांभळ्याला लागून त्यांनी पोपटी घातला होता आणि जाणारा-येणारा थबकत होता. सरांनी त्याचे फोटो सगळ्यांना पाठवले. ‘ही कला नव्हे’ अशी तळटीप काही घातली नाही. आमच्या आईच्या उशांच्या अभ्र्यांवरची फुलं कार्बन पेपरनं छापून घेतलेली असत. बायकांच्या हातचं असं काम आपण हस्तकला म्हणून मानानं बाजूला ठेवतो आणि मग कलेच्या व्याख्या करायला बसतो, हे जाता जाता.

दुसऱ्याच्या रेषा पाळत बसणं म्हणजे निव्वळ आज्ञाधारकपणा, हा आक्षेप याहून टोकदार आहे. गंमत अशी, की मोठ्यांसाठीची रंगपुस्तकं पहिल्यांदा गाजली तीच या आज्ञाधारकपणाची टर उडवण्यासाठी. १९६१ साली अमेरिकेत ‘एक्झिक्युटिव्ह कलरिंग बुक’ निघालं. त्यातल्या साहेबाचा सूट राखाडी सोडून दुसऱ्या रंगात रंगवाल तर खबरदार, असा त्याचा मिश्कील सूर. त्याच्या दहाएक वर्षं आधी डेट्रॉइटच्या पामर पेंट कंपनीतल्या डॅन रॉबिन्सनं आकडे घातलेली चित्रं बाजारात आणली होती: ३ लिहिलंय तिथे तीन नंबरचा रंग. ती लाखोंनी खपली आणि कलासमीक्षकांनी कपाळाला हात लावला. तिथे समीक्षकांशी माझं फारसं भांडण नाही, कारण रंगसुद्धा कंपनीच ठरवणार असेल तर माणसाला उरतं काय? मोबाइलवर बोट टेकवलं की कप्पा आपोआप भरतो, ती तर त्याचीच आणखी आळशी आवृत्ती. माझ्या पुस्तकात आकडे नाहीत. पान हिरवं हवं असा दंडक नाही. माझी पानं बहुतेकदा विटकरी असतात.

आता दुसरी आघाडी. सरांपेक्षा मला जास्त चीड येते ती ही पुस्तकं विकणाऱ्यांची. मुखपृष्ठावर ‘मंडला’, आत ‘थेरपी’, पाठीमागे युंगचं नाव. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला स्वित्झर्लंडमध्ये लष्करी सेवेत असताना रोज सकाळी वहीत वर्तुळाकार चित्रं काढत असे, हे खरं. पण तो ती स्वतः काढत होता, दुकानातून आणून रंगवत नव्हता. तिबेटी भिक्खूंच्या वाळूच्या मंडलात कुठे कोणता रंग हे परंपरेनं ठरलेलं असतं आणि पूर्ण झाल्यावर ते पुसून टाकतात. आपल्या पुस्तकातलं वर्तुळ म्हणजे नुसती वेलबुट्टी. तिला मोक्षाशी जोडायचं कारण नाही. आणि कलोपचार हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे. ते नाव रूढ केलं एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकारानं, १९४२ साली, क्षयाच्या आरोग्यधामातल्या स्वतःच्या अनुभवातून. पुस्तक आणि पेन्सिलींचा डबा म्हणजे उपचार नव्हे. ज्याची झोप महिनोन्‌महिने उडाली आहे, त्यानं डॉक्टरकडे जावं.

मग यात आहे तरी काय? नॅन्सी करी आणि टिम कॅसर या अमेरिकी संशोधकांनी २००५ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. ८४ विद्यार्थ्यांना आधी अस्वस्थ करणारी आठवण लिहायला लावली. मग काहींना मंडल रंगवायला दिलं, काहींना उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकडी, काहींना नुसता कोरा कागद. मंडलवाल्यांची आणि चौकडीवाल्यांची अस्वस्थता सारखीच उतरली. कोऱ्या कागदाला ते जमलं नाही. पुढे २०१२ मध्ये दुसऱ्या दोघींनी प्रयोग पुन्हा केला, तेव्हा मंडल चौकडीला भारी पडलं, कोरा कागद मात्र मागेच राहिला. वीस मिनिटांच्या प्रयोगावरून कोणी इमले बांधू नयेत. पण सर ज्या कोऱ्या कागदाची शिफारस करतात, तोच दमलेल्या माणसाला आणखी दमवतो, हे मला प्रयोगाशिवायही ठाऊक होतं. कोरा कागद विचारतो, ‘बोला, काय काढणार?’ दिवसभर असल्याच प्रश्नांना तोंड देऊन आलेल्या माणसाला रात्री साडेनऊला आणखी एक साहेब नको असतो.

रंगवायचं पान एवढंच विचारतं, की या पाकळीला कोणता? हा प्रश्न लहान आहे, पण खोटा नाही. पिवळा घेतला तर शेजारी काय शोभेल? पेन्सिल हलक्या हातानं फिरवली तर कागदाचा खरखरीतपणा वर येतो, दाबली तर रंग मेणासारखा चकाकतो आणि मग त्यावर दुसरा थर बसत नाही. निळ्यावर पिवळा फिरवून येणारा हिरवा आणि डब्यातला तयार हिरवा यांत किती फरक असतो, हे मला पन्नाशीनंतर कळलं. चूक झालीच तर ती एका पाकळीची असते, आणि कोणाला साहेबाकडे जाऊन खुलासा द्यावा लागत नाही. मधेच कुकरची शिट्टी झाली, उठलो, तासाभरानं परत बसलो, तरी पान तिथेच असतं.

स्कॉटलंडच्या जोहॅना बॅसफर्डला प्रकाशकानं मुलांसाठी पुस्तक मागितलं होतं. मोठ्यांसाठी करूया, हा आग्रह तिचा. २०१३ मध्ये तिचं ‘सीक्रेट गार्डन’ आलं आणि जगभर लाखोंनी खपलं. सगळ्या रेषा शाईनं हातानं काढलेल्या; वेलीच्या गुंत्यात कुठेतरी घुबड, कुठेतरी किल्ली लपलेली. अशी रेषा समोर असली की तिच्याशी जोडीनं काम केल्यासारखं वाटतं. सरांनी नेमकं हेच पाहायला हवं होतं, कारण चांगली रेषा ओळखणारा डोळा आमच्या कॉलनीत त्यांच्याच एकट्याजवळ आहे.

एका बाबतीत मात्र मी त्यांच्या बाजूनं उभा राहीन. रस्त्याकडेला मिळणाऱ्या स्वस्त पुस्तकांतल्या रेषा कुठून तरी उचललेल्या, फाटक्या, मधेच तुटलेल्या असतात. कागद इतका पातळ, की स्केचपेन टेकवला की मागच्या पानावरच्या मोराच्या पोटात लाल डाग उमटतो, आणि तरी छापलेलं असतं दोन्ही बाजूंनी. परवा सर तेच पुस्तक पुन्हा चाळत होते. डाग पडलेल्या मोराशी थांबले आणि म्हणाले, ‘स्केचपेन टाकून द्या. आणि पेन्सिलीला टोक ब्लेडनं करायचं, लांब. शार्पनरनं शिसं मोडतं.’