अमर शेख आणि आमचे बहिरेपण

२०१६ साली बॉब डिलन यांना साहित्याचे नोबेल मिळाले, तेव्हा 'गाणे हे साहित्य होय काय' हा वाद आमच्या स्टाफरूममध्येही काही दिवस रंगला. अमेरिकेतील गायक-कवीविषयी सोलापुरात बसून तावातावाने बोलणाऱ्या आम्हां मराठीच्या प्राध्यापकांपैकी एकालाही शेजारची बार्शी आठवली नाही. त्या बार्शीत १९१६ साली मेहबूब हुसेन पटेल जन्मले. गिरणीत राबले, कामगार चळवळीत आले आणि शाहीर अमर शेख झाले. स्वतः लिहिणारा व स्वतः गाणारा कवी आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला, याची आम्हांस दखल नाही.

दखल आहे ती अर्धवट. लाल बावटा कलापथकातील त्रयी आम्ही शिकवतो : अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर, अमर शेख. त्यात अण्णाभाऊंकडे लेखणी आणि अमर शेखांकडे गळा, अशी सोयीची वाटणी करून टाकतो. 'माझी मैना' ही छक्कड अण्णाभाऊंची आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून ती गाजवली अमर शेखांनी, हे खरेच. पण म्हणून 'अमरगीते' (१९५१), 'कलश' (१९५८), 'धरतीमाता' (१९६३) ही त्यांची स्वतःची पुस्तके नाहीत काय?

जे ती वाचतात, तेही चुकीचा गज लावतात. मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७ साली आल्या आणि पुढे आमच्या समीक्षेने एकांतात, मूकपणे वाचायच्या कवितेलाच प्रमाण मानले. त्या गजाने पुनरुक्ती म्हणजे सैलपणा आणि थेट संबोधन म्हणजे प्रचार. वास्तविक शाहिरीत पुनरुक्तीला काम असते. झीलकरी ध्रुपद उचलतात तेव्हा शाहीर दम घेतो, श्रोत्यांत अर्थ मुरतो आणि पुढचे कडवे चढ्या आवाजात येऊ शकते. तेथे ओळीची लांबी छातीतल्या दमावरही ठरते. तो पहाडी आवाज न ऐकता दिलेला निकाल हा संहिता वाचून नटाला गुण देण्यासारखा होय.

अमर शेखांचे सारेच लेखन सारख्या तोलाचे आहे, असा आमचा दावा नाही. प्रसंगासाठी रचलेले गीत प्रसंगाबरोबर फिके पडते, हे मान्य. पण 'तो चळवळीचा माणूस' एवढ्यावर त्यांना बाजूस सारणाऱ्यांना आम्ही विचारतो : तुकोबांचे अभंगही टाळ-मृदंगाच्या संगतीनेच गायले गेले ना? मग तेथे आम्ही कवित्व शोधतो आणि येथे फक्त आवाज, असे का?

अमर शेख १९६९ साली गेले. ध्वनिमुद्रणे मागे उरली आहेत, पुस्तके ग्रंथालयांत शोधता येतात. यंदा शाहिरी शिकवताना पुस्तक उघडण्यापूर्वी वर्गात आवाज लावावा, मुलांना झील धरायला सांगावे आणि मग 'कलश' हाती द्यावा. त्यानंतर ज्यांना 'प्रचारकी' म्हणायचे त्यांनी खुशाल म्हणावे. निदान ते मत ऐकून बनवलेले असेल.