टी पॉइंटवरचा निळा

फर्दापूरच्या टी पॉइंटला गाडी लावली, अजिंठा लेणीकडे जाणाऱ्या बसचं तिकीट काढलं आणि बस भरेपर्यंत गारगोट्यांच्या दुकानासमोर उभा राहिलो. दुकानदार पोरगेलासा, पण तयारीचा. शेजारच्या बाईंच्या हातावर त्याने एक हिरवट खडा ठेवला. "ताई, हिरवा घ्या, मनाला शांती देतो. निळा नशिबाचा. काळा नजरेचा." तेवढ्यात दोन जपानी पाहुणे आले. त्यांना त्याने एकाही रंगाचा अर्थ सांगितला नाही, फक्त भाव सांगितला. मला त्याचं कौतुक वाटलं. जपानी माणूस सिग्नलच्या हिरव्या दिव्याला 'आओ' म्हणतो, म्हणजे निळा. त्याच्यासमोर हिरव्याची शांती आणि निळ्याचं नशीब कुठे वेगळं काढत बसायचं?

रंगांच्या अर्थांचे तक्ते हल्ली मोबाइलवर दर आठवड्याला येतात. लाल म्हणजे प्रेम, पांढरा म्हणजे शांती, काळा म्हणजे शोक. या सदराचे वाचक ते मला पाठवून विचारतात, 'हे खरं का?' आपल्या मराठवाड्यात काळी म्हणजे कसायची जमीन आणि पांढरी म्हणजे राहतं गाव. काळी पिकली तर पांढरी जगते. मंगळसूत्रातले मणी काळे, संक्रांतीची चंद्रकळा काळी. यात शोक कुठून आणायचा? नवरात्रीच्या नऊ रंगांचं तर विचारूच नका. दोनेक दशकांपूर्वी वर्तमानपत्राने वाराप्रमाणे लावून दिलेली ती यादी आता आयाबाया पुराणातली समजून पाळतात. पाळू द्या, लोकलच्या डब्यात छान दिसतं.

मला बोलायचंय ते निळ्याबद्दल, कारण त्याची गोष्ट टी पॉइंटपासून चार किलोमीटरवर भिंतीवर आहे.

अजिंठ्याचे बहुतेक रंग इथल्याच मातीतले. तांबडा गेरूचा, पिवळा पिवळ्या मातीचा, काळा काजळीचा. हिरवा आला हिरव्या मातीतून. बेसाल्टच्या पोकळ्यांत गारगोटीला चिकटलेलं जे हिरवं खनिज दिसतं, तेही त्याच जातीचं. म्हणजे त्या पोराच्या दुकानातला हिरवा आणि भिंतीवरचा हिरवा भाऊबंदच. निळा मात्र परका. तो लाजवर्दाचा, थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून आलेला. नऊ आणि दहा क्रमांकांच्या लेण्यांतली सर्वांत जुनी चित्रं इसवी सनाच्या आधीची, त्यांत तो नाही. पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात तो अवतरतो. दगडासोबत शब्दही फिरला. फारसीत लाजवर्द, संस्कृतात राजावर्त, आणि युरोपात पोचेपर्यंत त्याचा 'ल' गळून इंग्रजीत 'अझ्युअर' झाला.

आता गंमत बघा. वाकाटकांच्या काही शतकं आधीपासूनच्या परंपरेत रसांना रंग वाटून दिले होते. भरताच्या नाट्यशास्त्रात शृंगाराचा रंग श्याम, करुणाचा पारव्यासारखा राखी, अद्भुताचा पिवळा. आणि नील? तो बीभत्साचा. किळसेचा रंग! चित्रकारांनी हे शास्त्र ऐकलं होतं की नाही, देव जाणे, पण एवढा महागडा निळा त्यांनी किळस दाखवायला नक्कीच वापरला नाही. संस्कृतातला नील काळ्याच्याही हद्दीत फिरतो, केसांनाही नील म्हणतात. आमच्या संतांना पंढरीचा देव कधी काळा, कधी सावळा, कधी निळा दिसला आणि कोणाला त्यात विसंगती वाटली नाही.

भिंतीवरचा रंग आपण बघतो तो तरी मूळचा असतो का? १९२० च्या सुमारास निझाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी चित्रं वाचवली, पण वर लाखेचं रोगण दिलं आणि ते पुढे पिवळं पडलं. अजिंठ्याच्या 'सोनेरी आभे'त अध्यात्म शोधणारे लेख मी वाचलेत. त्यातलं निम्मं श्रेय लाखेला द्यावं लागेल.

याच निळ्याचा मराठवाड्यातला आजचा अर्थ कुठल्याही ग्रंथात नव्हता. १९४२ साली बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा. आकाशाचा रंग म्हणून तो घेतला, असं कार्यकर्ते सांगतात. आता चौदा एप्रिलला गावोगाव नीळ उधळली जाते आणि 'निळं वादळ' म्हटलं की कोणालाही हवामान खातं आठवत नाही. शास्त्राने ज्याला किळस नेमून दिली, त्या रंगाला किळसेखाली चिरडलेल्या माणसांनी स्वाभिमान दिला. तो दगडात नव्हता, तक्त्यात नव्हता, त्यांनी तो लावला. म्हणून 'निळा म्हणजे विश्वास' असं छापणाऱ्यांचा मला राग येतो. कोणाचा विश्वास, कशावर, हे त्यात कुठेच नसतं.

पांढऱ्याचंही तसंच. इथल्या कित्येक घरांत पांढरं लुगडं विधवेला नेसवलं गेलं. पाली ग्रंथांत मात्र गृहस्थ उपासकाचं नावच 'ओदातवसन', म्हणजे पांढरं नेसलेला. काषाय भिक्षूचं, पांढरं संसाऱ्याचं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी पांढऱ्या वस्त्रांत दीक्षा घेतली, समोरचा जनसागरही पांढरा होता. ज्या आज्यांनी तोवर पांढऱ्याला अशुभ मानलं असेल, त्यांनी त्या दिवशी ते सणासारखं नेसलं.

बस भरत आली. शेवटी एका टेम्पोतून सात-आठ बायका उतरल्या, सगळ्या पांढऱ्या साड्यांत, निळे काठ. दुकानदार पोरगा त्यांच्याकडे धावला आणि "आज्जी, पांढरा स्फटिक..." म्हणेपर्यंत त्या पायरी चढून आत आल्या. त्यांतली एक माझ्या शेजारी बसली. साडी घरी धुतलेली असावी. पांढऱ्याला उजाळा यावा म्हणून दिलेली नीळ जरा जास्त झाली होती, आणि पदर सावलीत आला की त्यावर फिकट निळी झाक दिसत होती.