माळ्यावरची पेटी

दिवाळीच्या तोंडावर घर झाडायला काढले की आमच्याकडे एक भांडण ठरलेले असते. माळ्यावरच्या पेटीत माझी वीस वर्षांची टिपणे आहेत. "कुणाला देत नाही, स्वतः उघडत नाही, मग ठेवायची कशाला?" असे सौभाग्यवती विचारतात आणि मी "ती माझी विद्या आहे" असे सांगून शिडी उचलून ठेवतो. विद्या दिल्याने वाढते, हे मी दर जूनमध्ये नव्या वर्गाला ऐकवतो, हे वेगळे.

यंदा भांडण ऐन रंगात आले असताना माझी एक जुनी विद्यार्थिनी फराळाला आली. बी. ए.ला असताना तिने ही टिपणे मागितली होती आणि मी "स्वतः काढा" म्हणून तिला वाटेला लावले होते. आता ती चाकणजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. वर्गात निम्मी मुले मराठी, बाकीची कारखान्यांत कामाला आलेल्या बिहारी, ओडिया कुटुंबांतली. अक्षर ओळखतात, पण वाक्याचा अर्थ लागत नाही.

तिने पिशवीतून काही छापील पाने काढली. चित्रे तीच, मजकूर मात्र एकात मराठी, दुसऱ्यात हिंदी, तिसऱ्यात ओडिया. चित्रात मातीचे अंगण, कोंबड्या आणि डोक्यावर घागर घेतलेली आजी.

"सर, ही गोष्ट आफ्रिकेतली आहे. एकाने विचारलं, ही आजी कुठली? तर ओडिशाचा पोरगा म्हणाला, आमच्या गावची!"

ती पाने तिने इंटरनेटवरून, कुणाला एक पैसा न देता, उतरवून घेतली होती. मला आधी त्यात काहीतरी बेकायदा असावे असे वाटले. (प्राध्यापकाला फुकट मिळालेल्या ज्ञानाचा संशयच येतो.) पण हकीकत निराळी निघाली. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत मूल घरी एक भाषा बोलते आणि शाळेत इंग्रजी किंवा फ्रेंच वाचू लागते. त्याच्या भाषेत पुस्तक छापणे प्रकाशकाला परवडत नाही. म्हणून जोहान्सबर्गच्या 'सैदे' या संस्थेने २०१४ साली 'आफ्रिकन स्टोरीबुक' सुरू केले. केनियातल्या मास्तरांनी लिहिलेली गोष्ट युगांडातल्या बाईंनी घ्यावी, आपल्या भाषेत करावी, छापून वर्गात वाचावी. अट एकच : मूळ लेखकाचे नाव काढायचे नाही. पुढच्याच वर्षी आपल्याकडे बंगळूरच्या 'प्रथम बुक्स'ने याच अटीवर 'स्टोरीवीव्हर' काढले, आणि दोन्हीकडच्या गोष्टींची ये-जा सुरू झाली.

तसा सरकारी राजमार्गही होताच. राष्ट्रपती कलामांनी २००४ साली सुचवलेले पॅन-आफ्रिकन ई-नेटवर्क २००९ मध्ये चालू झाले. उपग्रहाद्वारे, सेनेगलमधल्या डकारच्या केंद्रातून, भारतीय प्राध्यापकांची व्याख्याने आफ्रिकेतल्या विद्यापीठांत पोचू लागली. २०१९ पासून तेच काम 'ई-विद्याभारती' या नावाने इंटरनेटवरून होऊ लागले. त्यातून पदव्या मिळाल्या, ते थोडे नव्हे. तरीपण तिथे प्राध्यापक बोलतो आणि समोरचा ऐकतो. माझ्यासारख्याला हाच प्रकार आवडायचा. पण ओडिशाच्या पोराला आजी भेटली ती दुसऱ्या रस्त्याने.

आणि फुकट देणारा माणूस बघायला दूर जायलाही नको. पिंपरीच्या टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, १९७०च्या दशकात अरविंद गुप्ता नावाचे तरुण इंजिनियर होते. १९७८ साली रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबादकडे खेड्यांतल्या शाळांना विज्ञान शिकवायला गेले. तिथे आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची नळी एवढ्या भांडवलावर त्यांनी भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. पुढे पुण्याच्या 'आयुका'तल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत २००३ ते २०१४ पर्यंत खेळणी करता करता त्यांनी पुस्तके आणि चित्रफिती इंटरनेटवर ठेवल्या. कुणीही घ्याव्यात. काडी आणि नळी कुठल्याही खंडात मिळते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

"सर, ही एक नवीन गोष्ट मराठीत करतेय. जरा बघाल?" विद्यार्थिनीने विचारले.

मी ऐटीत लाल पेन काढले आणि तिसऱ्याच ओळीत अडलो. गोष्टीतली आई 'उगाली' रांधते. मक्याचे पीठ उकळत्या पाण्यात घाटून केलेला, पूर्व आफ्रिकेतला रोजचा पदार्थ. लापशी म्हणावे तर गोड वाटते. पिठले म्हणावे तर बेसन आठवते. एम. ए.च्या अभ्यासक्रमात याला उत्तर नव्हते.

"अहो, मक्याची उकड म्हणा की!" स्वयंपाकघरातून आवाज आला. विद्यार्थिनीने लगेच लिहून घेतले. माझे पेन तसेच उघडे राहिले.

मग मी मुकाट्याने शिडी आणली. पेटी खाली आली, धूळ उडाली, विद्यार्थिनी शिंकली. "अगं, हवी ती घेऊन जा, फोटो काढ, इंटरनेटवर टाक, काय वाटेल ते कर," असे म्हणत मी सर्वांत जुनी वही उघडली आणि जरा थांबलो. पहिली चाळीस पाने माझी नव्हतीच. माझ्या गुरूंनी वर्गात सांगितलेले मी शब्दशः उतरवून घेतले होते. गेली वीस वर्षे मी तेच माझे म्हणून शिकवत होतो.

लाल पेन हातात होतेच. पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात आधी त्यांचे नाव लिहिले आणि मग वही तिच्या हातात दिली.