सुटका हवी, पण हिशोब करून

"मला त्याच्याकडून एक पैसासुद्धा नको. फक्त यातून सोडवा."

घटस्फोटाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलींच्या तोंडून हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत बऱ्याचदा ऐकलं. नात्यात ऐकलं, शेजारी ऐकलं, मंदिरात भेटणाऱ्या मैत्रिणींच्या लेकींकडून ऐकलं. ऐकणारे मान डोलावतात. 'किती स्वाभिमानी मुलगी!' म्हणतात. आई डोळे पुसते, वडील म्हणतात, 'आपल्याला काय कमी आहे?' आणि सहीचा दिवस ठरतो.

माझं मत वेगळं आहे आणि ते मी स्पष्ट सांगते. आपल्या हक्काचं मागणं म्हणजे लोभ नव्हे. आणि ते न मागता सही करणं हा दरवेळी स्वाभिमान नसतो, पुष्कळदा तो नुसता थकवा असतो. वर्ष-दीड वर्ष भांडणं, अबोला, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या बैठका सोसून मनाची गत 'भीक नको पण कुत्रं आवर' अशी झालेली असते. नेमक्या त्याच वेळी समोरून तयार मसुदा येतो. त्यात एक ओळ असते, की पत्नी पोटगी, स्त्रीधन आणि इतर सर्व हक्क सोडून देत आहे. वाचायचं त्राण नसतं. सही होते.

माझ्या माहितीतल्या एका मुलीने अशीच सही केली. बाळंतपणानंतर नोकरी सोडलेली, पदरात चार वर्षांची लेक. सात वर्षांच्या खंडानंतर तिला नवख्या मुलीच्या पगारावर सुरुवात करावी लागली. मध्यंतरी ती मला म्हणाली, "काकू, तेव्हा फार बरं वाटलं होतं. आता दर जूनला फीची पावती बघते तेव्हा वाटतं, मी सोडलं ते माझं नव्हतंच, तिचं होतं." तिचं म्हणणं अगदी खरं आहे. मुलाच्या पालनपोषणाचा हक्क मुलाचा असतो. आईने लिहून दिलं म्हणून तो संपत नाही, मुलासाठी पुन्हा न्यायालयात मागता येतो. पण तोवर किती उन्हाळे-पावसाळे जातात!

मी कॉमर्स शिकले. पुढे नोकरी केली नाही, पण घराचा जमाखर्च चाळीस वर्षं लिहिला. त्या शिक्षणातली एक गोष्ट मला इथे सांगावीशी वाटते. एखादं येणं बुडीत खाती टाकायचं असलं, तरी आधी ते वहीत लिहावं लागतं. किती येणं, कशापोटी, कुणाकडून. लिहून, समजून मग सोडलंत तर तो तुमचा निर्णय. न लिहिताच सोडलंत तर त्याला त्याग म्हणता येत नाही, ती अपुरी वही आहे.

म्हणून ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांना आधी एवढंच सांगेन, की घाई करू नका. आपल्या जैन समाजातल्या विवाहांनाही १९५५ चा हिंदू विवाह कायदाच लागू होतो. परस्पर संमतीच्या घटस्फोटाची तरतूद त्यात १९७६ साली आली. त्यासाठी निदान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन तेच सांगायचं. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणालाही संमती मागे घेता येते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की योग्य प्रकरणात ही सहा महिन्यांची मुदत न्यायालय माफ करू शकतं. पण त्यातही बघायचं काय, तर पोटगी, मुलांचा ताबा वगैरे प्रश्न खरोखर मिटले आहेत का. म्हणजे हिशोब पुरा करा असं कायदाच सांगतो. 'उद्याच सही करून मोकळी हो' ही घाई माणसांची असते.

दुसरं, कागद गोळा करा. लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, सोन्याच्या पावत्या, घराचा करार, कर्जाचा उतारा, दोघांच्या बँकेची माहिती, आयकर विवरणपत्रं, विम्याच्या पॉलिसी, मुलांचे जन्मदाखले. मूळ कागद मिळत नसतील तर मोबाइलवर फोटो काढून स्वतःच्या ई-मेलवर ठेवा आणि त्याचा पासवर्ड बदला. फक्त स्वतःच्या नावाचं एक बँक खातं असू द्या. दागिन्यांची यादी आठवणीने लिहा. पाटल्या माहेरच्या, मोहनमाळ सासूबाईंनी घातलेली, बारशाला आलेली अंगठी. लग्नाआधी, लग्नात आणि नंतरही स्त्रीला मिळालेल्या अशा भेटी हे तिचं स्त्रीधन. त्यावर पूर्ण मालकी तिची, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच स्पष्ट केलं आहे. सासरच्या लॉकरमध्ये ठेवलं म्हणून मालकी बदलत नाही.

तिसरं, आकडे समोर मांडा. २०२० सालच्या निकालाने पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर लिहून देणं आवश्यक केलं. त्याची मिळकत कळते, तशी तुमचीही कळते, तेव्हा खरं तेच लिहा. पोटगीची मागणी पतीलाही करता येते, हेही माहीत असू द्या.

घर दोघांच्या नावावर असेल आणि कर्जही दोघांचं असेल, तर 'हप्ते तो भरेल' एवढं समझोत्यात लिहून भागत नाही. बँक त्या समझोत्याने बांधलेली नसते. त्याने हप्ता चुकवला तर बँक तुमच्याही दारात येणार. सहीआधी बँकेत जाऊन कर्जातून आपलं नाव कमी होईल का हे विचारा आणि होकार लेखी घ्या.

पोटगी दरमहा घ्यावी की एकरकमी, हा पुढचा प्रश्न. दरमहाची रक्कम वेळेवर येईल की नाही, हा घोर कायम राहतो. एकरकमी मिळाली तर ती भावाच्या दुकानात घालायचा सल्ला द्यायला लोक टपलेले असतात. दोन्हींना आयकराचे नियम सारखे लागत नाहीत, म्हणून ठरवण्याआधी करसल्लागाराला एकदा विचारा. हप्त्याने मिळणार असेल तर प्रत्येक हप्त्याची तारीख कागदावर हवी. सगळं मिटल्यावर विमा, बँक, भविष्यनिर्वाह निधी यांवरचं वारसाचं नामांकन तपासायला विसरू नका.

वकिलाचा खर्च झेपत नाही म्हणून कुणी अडू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना, त्यांचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा आणि तालुका न्यायालयात त्यासाठी अर्ज करता येतो, १५१०० या क्रमांकावरही विचारता येतं. आणि घरात मारहाण होत असेल तर यातल्या कशाचीच वाट पाहू नका. आधी सुरक्षित जागी जा. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने संरक्षण आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क, दोन्ही मागता येतात. कागद नंतर मिळवता येतात.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असं आपल्याकडे म्हणतात. चढावीच लागली तर हातात फाइल घेऊन चढावी, असं मी म्हणते.

आता माहेरच्या माणसांसाठी दोन शब्द. परत आलेल्या मुलीला तुमच्या रडण्याचा उपयोग नसतो. 'आम्ही तेव्हाच म्हणत होतो' याचा तर मुळीच नसतो. तिला एक रिकामं कपाट द्या आणि घराची एक किल्ली द्या. पाहुण्यासारखी बॅग खाटेखाली ठेवून राहणारी मुलगी मनाने कधीच स्थिरावत नाही. तिला वेळेवर जेवू घाला, झोपू द्या, आणि आल्यागेल्यासमोर तिची कहाणी सांगू नका. न्यायालयाच्या तारखेला घरातल्या एकानेच, डोकं शांत असलेल्याने, तिच्याबरोबर जावं. नातवंडांसमोर त्यांच्या बापाला नावं ठेवू नका. 'बाबांना सांग' आणि 'आईला विचार' असे निरोप त्यांच्याकरवी पाठवू नका. त्यांच्यासाठी दोघेही त्यांचेच असतात.

मुलाच्या आईलाही मी एक सांगेन, कारण आपल्यातल्या पुष्कळजणी सासवाही आहेत. सून घरातून गेली म्हणून तिचं सोनं आपलं होत नाही. जे आपल्याला दिलेलं नाही ते ठेवून घेणं याला आपल्या धर्मात अदत्तादान म्हणतात, म्हणजे चोरीच. यादी करून, वजन करून, सही घेऊन परत द्या. मुलाचा पगार कमी दाखवायच्या कामात तर कुठल्याच आईने सामील होऊ नये.

राहता राहिला अपरिग्रह. 'सोडून दे, आपल्या धर्मात सोडण्याला मोल आहे' असं मुलींना सांगणारी वडीलधारी माणसं मी पाहिली आहेत. पण ज्याचा ताबाच मिळाला नाही ते सोडणार कसं? शिवाय 'मला त्याचं काही नको' यामागे कित्येकदा त्याग नसून मान हा कषाय असतो. मी कशाला हात पसरू, ही ती भावना. तशीच, त्याला धडा शिकवायचा म्हणून दुपटीने मागणं हा क्रोध आणि लोभ. या दोन्हींच्या मध्ये रीतसर, पुराव्यानिशी, जेवढं आहे तेवढं मागणं याला जागा आहे, आणि ते शांत चित्ताने करता येतं.

क्षमाही करा, जमेल तेव्हा. कुणी सांगितलं म्हणून करू नका. दशलक्षण पर्वात उत्तम क्षमा पहिल्या दिवशी येते, पण तुटलेल्या संसारातून बाहेर पडणाऱ्या बाईला ती पहिल्याच दिवशी सुचली पाहिजे असा नियम नाही. हिशोब पुरा झाला, येणं-देणं संपलं, की मन त्या माणसाकडे पुन्हा पुन्हा वळायचं थांबतं. क्षमेला जागा तिथे होते. येणं मनात शिल्लक ठेवून तोंडाने 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटलं तर ते दोघांनाही पोचत नाही.

तुमच्या नात्यात, ओळखीत कुणी या वाटेवर असेल तर तिला उपदेश करू नका. एक वही आणि पेन घेऊन तिच्याजवळ बसा, आणि दागिन्यांची यादी लिहायला तिला मदत करा.