ओतणाराच मोजणार?

ग्रेनचं बटण आहे म्हणून काटा नेमबाजीचा होत नाही. हे इतकं सरळ सांगावं लागतंय, कारण बंगळुरूच्या शिवाजीनगरात, ज्वेलर्स स्ट्रीटच्या तोंडाशी, याच आठवड्यात तळहाताएवढा एक काटा नेमका त्या बटणापायी विकला गेला. घेणारा मूळचा कोल्हापूरकडचा, नोकरीनिमित्त बंगळुरूत आलेला, सुटीच्या दिवशी एअर रायफलचा सराव करणारा. छर्रे तोलून एकसारखे वेगळे काढायचे, एवढीच त्याची गरज. दुकानदाराने पडद्यावर दशांशानंतरचे तीन अंक दाखवले, बटण दाबून ग्रॅमचे कॅरट आणि कॅरटचे ग्रेन करून दाखवले, आणि वर फोनवर अमेरिकेतल्या, काडतुसात बारूद भरायच्या यंत्राची चित्रफीत लावली. आकडा द्या, बटण दाबा. यंत्र स्वतःच ओततं, स्वतःच मोजतं, स्वतःच थांबतं. गिऱ्हाईक खूश. पडताळणीचं एकही वजन न घेता काटा पिशवीत गेला.

खटकलं काय, ते या स्तंभाच्या वाचकांना सांगायला नको. वजनाशिवाय काटा विकू नये आणि घेऊही नये, ही तक्रार इथे भाजीच्या निमित्ताने झाली, रद्दीच्या निमित्ताने झाली, उसाच्या निमित्ताने तर वारंवार झाली. आता बारुदाच्या निमित्ताने.

आधी कायदा. काडतुसं घरी भरणं हा भारतात मोकळा छंद नाही. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 प्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो, आणि याच कायद्यातली दारूगोळ्याची व्याख्या एवढी रुंद आहे की त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्री या दोन्ही गोष्टी तिच्यात बसतात. तेव्हा अमेरिकेतल्या चुलतभावाला ‘येताना ते यंत्र घेऊन ये’ असं सांगण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारलेलं बरं. आपल्या नेमबाजांना त्याची फारशी गरजही पडत नाही. स्वप्निल कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारातल्या .22 रिमफायर काडतुसात पेट घेणारं रसायन पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं. बार उडताना ती कड चेपते, त्यामुळे पुंगळी पुन्हा भरायचा प्रश्नच येत नाही. तिथे नेमबाज वेगवेगळ्या बॅचची काडतुसं आपल्या रायफलीतून झाडून बघतो आणि जी बॅच जुळेल तिचा साठा करतो. एअर रायफलच्या छर्ऱ्यात तर बारूदच नाही. साधारण अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा तुकडा तो.

पण प्रश्न बारुदाचा असो, छर्ऱ्याचा असो की सोन्याचा, काटा निवडायची रीत एकच आहे. आणि ती शिकायला अमेरिकेत जायची गरज नाही. ज्या गल्लीत तो काटा विकला गेला, तिथेच ती शिकायला मिळते.

बारूद जगभर ज्या ग्रेनमध्ये तोलतात, त्याच ग्रेनवर आपला तोळा बेतलेला आहे. इंग्रजांनी 1833 मध्ये तोळा 180 ग्रेनचा ठरवला, म्हणजे 11.66 ग्रॅम. एक ग्रेन म्हणजे 64.8 मिलिग्रॅम. आता या हिशेबाने बारुदाचे काटे बघा. आरसीबीएसचा चार्जमास्टर हा अमेरिकेत घरोघरी पोचलेला काटा आणि ओतणारं यंत्र एकत्र. त्याचा पडदा 0.1 ग्रेनपर्यंत दाखवतो. म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. सळीसारख्या बारुदाचा एक दाणा साधारण 0.02 ग्रेनचा असतो, तेव्हा चार-पाच दाणे इकडचे तिकडे झाले तरी या पडद्याला पत्ता लागत नाही. लांब पल्ल्याचे हौशी नेमबाज म्हणून ए अँड डी या जपानी कंपनीचा एफएक्स-120आय हा प्रयोगशाळेतला काटा घेतात आणि त्याला दाणा-दाणा सोडणारी जोडणी बसवतात. त्याचं माप एक मिलिग्रॅमचं, म्हणजे जवळपास एका दाण्याचं. अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्याला साडेसहा मिलिग्रॅम म्हणजे सव्वा टक्क्याहून जास्त. एवढ्या जाड मापाने छर्रे निवडणं म्हणजे नुसता वेळ घालवणं.

एक मिलिग्रॅम बंदूकवाल्यांना चैन वाटतो. सोन्याच्या धंद्यात तो रोजचा आहे. दहा ग्रॅमला लाखाचा भाव धरला तरी मिलिग्रॅमला 10 रुपये पडतात.

बंगळुरूच्या सराफ बाजारात सोनं गाळायची दुकानं चालवणाऱ्यांत सांगली जिल्ह्यातली माणसं आहेत. खानापूर, आटपाडी, विटा हा दुष्काळी पट्टा. पाऊस नाही म्हणून तिथली पोरं पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगली आणि सोनं-चांदी गाळायचा धंदा करू लागली. त्यांना गलाई बांधव म्हणतात. अशा दुकानात काटा कसा वापरतात ते जवळून बघावं. गिऱ्हाइकाने मोडीचा दागिना आणला की आधी तो त्याच्या डोळ्यांदेखत काट्यावर जातो. काट्याला दोन पडदे असतात, एक दुकानदाराकडे आणि एक गिऱ्हाइकाकडे. आकडा मोठ्याने वाचला जातो, चिठ्ठीवर लिहिला जातो. मग मूस भट्टीत, टाकणखार, आटणी. बाहेर आलेली लगड थंड झाली की पुन्हा तोच काटा, पुन्हा दोघांच्या समोर. दोन आकड्यांतली वजाबाकी म्हणजे घट. घट जास्त वाटली तर गिऱ्हाईक लगड उचलतो आणि गल्लीतल्या दुसऱ्या काट्यावर नेतो. यात कुणाचा अपमान होत नाही. दुसरा काटा हा धंद्याचाच भाग आहे.

आता बारूद ओतणारं यंत्र या दुकानाशेजारी ठेवा. इथे ओतणारं आणि मोजणारं यंत्र एकच. नळी फिरते, दाणे पडतात, काट्याने ‘पुरे’ म्हटलं की नळी थांबते. जास्त पडलं तर सांगणार कोण? तोच काटा, ज्याच्या सांगण्यावरून नळी उशिरा थांबली. समोर गिऱ्हाईक नाही, दुसरा पडदा नाही, वजाबाकी नाही. गॅरेजात एकटा माणूस आणि हिरवा दिवा. सोन्याच्या दुकानात काट्याची चूक शे-दोनशे रुपयांची. इथे भरणा जास्त झाला तर रायफलीच्या नळीतला दाब चढतो आणि रायफल चेहऱ्याशी फुटते. जिथे चुकीची किंमत कमी तिथे दोन माणसं काटा बघतात, आणि जिथे किंमत डोळ्याची आहे तिथे एकही नाही. या स्तंभाला ही तुलना फार महत्त्वाची वाटते, कारण महाराष्ट्रातला शेतकरी काटामारीबद्दल ओरडतो तेव्हा त्याचं म्हणणंही हेच असतं की ऊस घेणाऱ्याचाच काटा, त्याचाच आकडा आणि त्याचीच पावती कशी चालेल? बाहेरच्या धर्मकाट्यावरचं वजन मान्य करा ही मागणी तिथूनच आली आहे.

एका गोष्टीची चाचणी कुणालाही पाच मिनिटांत करता येते आणि ती केल्याशिवाय कुठलाही छोटा काटा घेऊ नये. काटा शून्यावर आणा आणि पारड्यात सोन्याचा कीस किंवा बारीक रवा चिमटीने अगदी हळूहळू, थोडा थोडा टाका. स्वस्त काट्यावर बराच वेळ शून्यच दिसत राहतं. काटा बिघडलेला नसतो. शून्य डळमळू नये म्हणून त्याच्या प्रोग्राममध्ये अशी सोय असते की शून्याजवळचा बारीक, सावकाश होणारा बदल काट्याने वाऱ्याचा किंवा तापमानाचा समजून गिळून टाकावा. आता पारडं उचला, रिकामं करा आणि परत ठेवा. गिळलेल्या किसाचा हिशेब डोळ्यांसमोर येतो. शून्य धरून ठेवायची ही सवय दाणा-दाणा ओतणाऱ्याला सगळ्यात घातक. 

दुसरी गोष्ट पाटीची. काट्याच्या मागे किंवा खाली एक पाटी असते; तिच्यावर कमाल वजन, किमान वजन आणि इंग्रजी ई व डी ही दोन अक्षरं, प्रत्येकापुढे एक आकडा. डी म्हणजे पडदा किती बारीक दाखवतो ते. ई म्हणजे वैधमापनवाले ज्या मापाने काटा तपासतात ते. अनेक सराफी काट्यांवर डी एक मिलिग्रॅम आणि ई 10 मिलिग्रॅम असतो. दुसऱ्या वर्गाच्या अशा काट्याला पडताळणीत 50 ग्रॅमपर्यंत 5 मिलिग्रॅमची चूक माफ आहे, म्हणजे पडद्यावरच्या शेवटच्या अंकाची हमी कुणीच दिलेली नाही. तळहातावरच्या काट्यांवर बहुधा ई लिहिलेलाच नसतो, कारण ते पडताळणीसाठी बनलेलेच नसतात. ज्याच्या पाटीवर ई नाही तो काटा पैशाच्या व्यवहारात येऊ नये आणि बारुदाच्या तर आसपासही नको.

मग काट्याची जात. बहुतेक स्वस्त काट्यांत लोडसेल असतो : ॲल्युमिनियमची छोटी दांडी वजनाने वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या तारांचा रोध बदलतो, त्यावरून आकडा येतो. दांडी गरम झाली की आकडा सरकतो, वजन बराच वेळ ठेवलं की दांडी थोडी आणखी वाकते. एफएक्स-120आयसारख्या काट्यात चुंबकाच्या क्षेत्रातली तारेची गुंडाळी पारड्याला जागेवर धरून ठेवते, आणि त्यासाठी किती वीज लागली ते मोजलं जातं. हा काटा भरभर स्थिरावतो आणि त्याच वजनाला पुन्हा पुन्हा तोच आकडा देतो. बारुदासाठी किंवा छर्ऱ्यांसाठी पैसे घालायचेच तर ते इथे घालावेत. ओतणाऱ्या नळीचा वेग, रंगीत पडदा, फोनवरचं ॲप या सगळ्याचा नंबर नंतर.

चांगला काटाही वाईट जागी वाईटच. डोक्यावर पंखा, खाली बसगाड्यांनी हादरणारी फरशी, शेजारी वाजणारा मोबाइल : शिवाजीनगरच्या रस्त्यालगतच्या दुकानात हे तिन्ही असतात, म्हणून तिथला जाणता सराफ काटा काचेच्या पेटीत, भिंतीलगतच्या दगडी फळीवर ठेवतो आणि दुकान उघडल्या उघडल्या सुरू करून अर्धा तास तसाच तापू देतो. उन्हाळ्याआधीच्या कोरड्या हवेत प्लास्टिकच्या पारड्यावर वीज साचते आणि हलके कण कडेला चिकटून बसतात. तिथे पितळी किंवा स्टीलचं पारडं हवं.

आणि जागा म्हणजे गावसुद्धा. बंगळुरू 900 मीटरहून उंच आणि विषुववृत्ताच्या बरंच जवळ, त्यामुळे इथे पृथ्वीची ओढ दिल्लीपेक्षा थोडी कमी. दिल्लीत जुळवलेला इलेक्ट्रॉनिक काटा इथे आणून तसाच लावला तर 10 ग्रॅमच्या वजनाला साधारण 11 मिलिग्रॅम कमी दाखवतो. पडद्यावर तीन अंक, आणि त्यातला दुसराच चुकीचा! दोन पारड्यांच्या जुन्या तागडीला ही अडचण कधी आलीच नाही, कारण ओढ दोन्ही बाजूंना सारखी. इलेक्ट्रॉनिक काटा मात्र गाव बदललं की वजन ठेवून पुन्हा जुळवावा लागतो.

त्यासाठी वजन पाहिजे, आणि तेही योग्य वर्गाचं. एम-1 वर्गाच्या 20 ग्रॅमच्या वजनातच अडीच मिलिग्रॅमची चूक चालते. त्याने मिलिग्रॅमचा काटा तपासणं निरर्थक आहे. एफ-1 वर्गात त्याच 20 ग्रॅमला पाव मिलिग्रॅम चालतं. हे वजन चिमट्यानेच उचलायचं, बोटं लावायची नाहीत, डबीतच ठेवायचं. काट्यापेक्षा वजन जास्त टिकतं. तरी दुकानात गिऱ्हाईक काट्यावर घासाघीस करतं आणि वजन हा वरखर्च समजतं. आधी वजन विकत घ्यावं, मग काटा, असं या स्तंभाने आजवर सांगितलं आहे आणि पुढेही सांगत राहणार आहे. कुठल्या पाहणीचा आधार त्याला नाही, पण ज्याच्या घरात चांगलं वजन आहे त्याला वाईट काटा फार दिवस फसवू शकत नाही.

परदेशात परवान्याने काडतुसं भरणाऱ्या मराठी घरांसाठीही उत्तर तेच आहे. यंत्राला ओतू द्यावं, पण त्याच्या काट्यावर शेवटचा विश्वास ठेवू नये. प्रत्येक भरणा वेगळ्या काट्यावर पुन्हा तोलावा आणि आकडा हाताने वहीत लिहावा. वेळ दुप्पट लागेल. लागू द्या.

आणि इथे, आपल्याकडे, नेमबाजांच्या संघटनांनी प्रत्येक रेंजवर एक सार्वजनिक काटा ठेवावा. काचेच्या पेटीत, चुंबकीय पद्धतीचा, शेजारी एफ-1 वर्गाची 1, 10 आणि 20 ग्रॅमची वजनं, चिमटा आणि वही. कुणीही आपला छोटा काटा आणि मूठभर छर्रे घेऊन यावं, आधी घरी तोललेले आकडे लिहावेत, मग इथले. कोल्हापूर, पुणे, मुंबई आणि बंगळुरूतल्या रेंजवर रायफलींवर जो खर्च होतो त्याच्यापुढे हा खर्च किरकोळ आहे, आणि पुढच्या राज्य स्पर्धांच्या आधी तो सहज करता येईल.